पहिलं सोंग कोणतं घ्यावं? नवख्यासाठी आरपीजी गेम निवडायची रीत

दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याहून भाचा आला होता. बारावी नुकतीच झालेली, कॉलेजसाठी वडिलांनी लॅपटॉप घेऊन दिलेला. ताटात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि ह्याचं एकच टुमणं: "मामा, तो ड्रॅगनवाला गेम घेऊ की तो पांढऱ्या केसांच्या राक्षसमाऱ्याचा? मित्र म्हणतात ड्रॅगनवालाच भारी."

मी विचारलं, लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? गप्प. नेट कुठलं? "मोबाइलचं. रोजचं दोन जीबी." म्हटलं, भो, भारी कोणता ते मागून बघू. आधी तुझ्या पदरात काय मावतं ते बघू.

मी हे शहाणपण फुकटात शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी जो तो कौतुक करत होता असा एक महाकाय गेम मी पूर्ण किमतीत घेतला होता. पहिल्याच मोठ्या शत्रूपुढे तीन संध्याकाळी मेलो. नक्की किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं, आणि नंतर दीड वर्ष त्या प्रकाराला हात लावला नाही. गेम खरोखरच उत्तम होता. मी तालमीत पहिल्याच दिवशी मोठ्या पैलवानाशी झोंबायला गेलो होतो, एवढंच. म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो: पहिला आरपीजी सगळ्यांत थोर नसला तरी चालेल, पण तो तुमच्या हातून शेवटपर्यंत जायला हवा. एक गेम तडीस नेला की पुढच्या दहांची भाषा आपोआप कळायला लागते.

आरपीजी ओळखायचा कसा

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. आपल्या भाषेत सोंग घेणं. याचं मूळ संगणकात नाही, कागदावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसायचे, एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर व्हायचे आणि फासे टाकून निकाल लावायचे. तीच कल्पना पुढे संगणकात शिरली. जपानमध्ये १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ ला 'फायनल फँटसी' आले आणि तिथे या प्रकाराचं वेगळंच घराणं तयार झालं.

ओळखायची खूण सोपी आहे. गोळीबाराच्या गेममध्ये तरबेज होतो तो तुमचा हात. आरपीजीमध्ये वाढतं ते तुमचं पात्र. शत्रू हरवला, कुणाचं काम केलं, की अनुभवाचे गुण मिळतात. त्यांनाच एक्सपी म्हणतात. गुण साठले की लेव्हल वाढते, अंगात ताकद येते, नवी विद्या निवडता येते. गावातल्या माणसांनी दिलेलं काम म्हणजे क्वेस्ट, सोबतचे साथीदार म्हणजे पार्टी, आणि गाठोड्यात काय काय आहे ते दाखवणारा पडदा म्हणजे इन्व्हेंटरी. एवढ्या शब्दांवर पहिले पाच तास निभतात. बाकीचे गेम स्वतः शिकवतो.

पहिली पायरी: यंत्र आणि नेट

इथेच निम्मी यादी गळते, म्हणून सुरुवात इथून.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. मेमरीखाली रॅम किती ते दिसेल आणि जीपीयूखाली, पडद्यावर चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्सच्या भागाचं नाव. तिथे फक्त इंटेल यूएचडी किंवा नुसतंच एएमडी रेडिऑन ग्राफिक्स असं काही दिसलं, तर लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही असं बहुतेक वेळा समजायचं. घाबरायचं कारण नाही, चांगले आरपीजी अशा लॅपटॉपवर भरपूर चालतात. जीटीएक्स, आरटीएक्स किंवा रेडिऑन आरएक्स अशी अक्षरं दिसली तर दार आणखी उघडलं.

आता स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेमच्या पानावर खाली उतरा. तिथे सिस्टिम रिक्वायरमेंट्सचे दोन रकाने असतात, मिनिमम आणि रेकमेंडेड. नवखा माणूस मिनिमम बघून खूश होतो. मिनिमम म्हणजे गाडी सुरू होते, सातपुड्याचा घाट चढेल याची हमी नाही. रेकमेंडेडचा रकाना बघा.

मग नेट. शहरात फायबर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण यावल-रावेरकडच्या गावात किंवा शिरपूरच्या पुढे, जिथे सगळा कारभार मोबाइलच्या डेटावर चालतो, तिथे गेमचा आकार हाच खरा निवाडा. 'बाल्डर्स गेट ३' ला १५० जीबी जागा लागते, आणि तीही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. रोजच्या दोन जीबीत तो ७५ दिवसांनी उतरेल, तेही घरातल्या कुणी एकही व्हिडिओ बघितला नाही तर. 'द विचर ३' ला ५० जीबी, म्हणजे २५ दिवस. 'स्कायरिम'च्या स्पेशल एडिशनला १२ जीबी, आठवड्याच्या आत काम. 'स्टारड्यू व्हॅली' अर्ध्या जीबीच्या आसपास. आणि 'अंडरटेल' २०० एमबी. चहा उकळेपर्यंत आला.

एक सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. तुमचा मित्र आणि तुम्ही एकाच वायफायवर असाल आणि त्याच्या संगणकावर तो गेम आधीच असेल, तर स्टीम त्या फाइल इंटरनेटऐवजी थेट त्याच्या संगणकावरून ओढू शकतं. २०२३ पासून ही सोय आहे. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्समध्ये लोकल नेटवर्क ट्रान्सफर चालू करायचं आणि मित्रांना परवानगी द्यायची. गेम मात्र तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा.

विकत घेतलेला, हे मुद्दाम लिहिलं. पेनड्राइव्हवर 'भरून' मिळणारे फुकट गेम मीही कधीकाळी एका दुकानातून आणले आहेत. गेम दोन दिवस चालला, त्याच्यासोबत आलेल्या व्हायरसने मात्र लग्नाच्या फोटोंचा पूर्ण फोल्डर खाल्ला. घरात अजून ऐकून घेतो.

दुसरी पायरी: इंग्रजी किती पेलतं

हे कुणी उघड बोलत नाही, पण मराठी माध्यमातून आलेल्या पोराचा गेम इथेच अडतो. आरपीजी म्हणजे वाचन. 'डिस्को इलिझियम' (२०१९) मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत आणि नेहमीच्या अर्थाने लढाई अशी नाहीच. सगळं संवादावर. इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचत असाल तर त्याच्यासारखा अनुभव नाही, पण पहिला गेम म्हणून मी तो कुणालाही देणार नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. काही गेममध्ये मजकूर चौकटीत येतो आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबून राहतो. 'अंडरटेल', 'क्रोनो ट्रिगर', 'स्टारड्यू' या जातीचे. एखादा शब्द अडला तर फोन उचलून अर्थ बघा, गेम कुठे जात नाही. दुसऱ्या जातीत पात्रं बोलत सुटतात आणि खाली सबटायटल पळतात. 'विचर ३' तसा. तिथे सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करणं आणि अक्षरं मोठी करणं हे पहिलं काम. गूगल लेन्स पडद्यावर धरलं तर मराठी भाषांतर दाखवतं. ते कधी कधी इतकं विनोदी असतं की मूळ गोष्ट बाजूला राहते, पण अर्थाचा अंदाज येतो.

तिसरी पायरी: वेळ

'अंडरटेल' सहा-सात तासांत पुरा होतो. 'क्रोनो ट्रिगर'ला वीस-पंचवीस तास लागतात. 'विचर ३' ची नुसती मुख्य गोष्ट पन्नास तासांच्या घरात जाते. 'पर्सोना ५ रॉयल' शंभर तास मागतो. दुकान, शेती किंवा नोकरी सांभाळून रोज तासभर बसणाऱ्याला शंभर तास म्हणजे तीन-सव्वातीन महिने. मध्ये लग्नसराई आली, कापूस वेचणी आली, की धागा तुटतो. परत बसलं की आपण कुठे होतो, हे बटण कशाचं, ती बाई कोण, काही आठवत नाही. म्हणून पहिला गेम पंचवीस तासांच्या आतला घ्यावा. किंवा मग 'स्टारड्यू'सारखा, ज्यात मध्ये खंड पडला तरी बिघडत नाही.

चौथी पायरी: लढाई कशी हवी

दोन मोठे प्रकार. एकात पाळीपाळीने लढाई होते: तुम्ही विचार करून चाल निवडता, मग शत्रू आपली चाल करतो. बुद्धिबळ किंवा पत्ते आवडणाऱ्याला हे मानवतं, आणि कीबोर्डची सवय नसली तरी अडत नाही. दुसऱ्यात सगळं चालत्या क्षणी: वार करा, उडी मारून बाजूला व्हा. त्याला हाताची चपळाई लागते, आणि शक्य असेल तर कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा बटणांचा संच. ज्याने आयुष्यात मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमशिवाय काही खेळलं नाही त्याला वाटतं दुसरा प्रकार सोपा जाईल. माझा अनुभव उलटा आहे. पडद्यावर बोटं फिरवायची सवय आणि माउस-कीबोर्डवर एकाच वेळी पळणं, बघणं, मारणं यांत फार अंतर आहे. पाळीच्या खेळात ते अंतर जाणवतच नाही.

आता खुद्द गेम

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघायला गेलेला जाणता माणूस किंमत विचारायच्या आधी एकच ठरवून आलेला असतो: घोडा टांग्याला हवा, नाचवायला हवा की नुसता दारात बांधायला. तुम्हीही तेवढं ठरवलं असेल तर पुढचं सोपं.

'अंडरटेल' (२०१५). साधा लॅपटॉप, कमी नेट, कमी वेळ, अशी सगळीकडून अडचण असेल तर डोळे मिटून हा घ्या. टोबी फॉक्स या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला, संगीतही त्याचंच. चित्रं इतकी साधी की पहिल्यांदा बघून तुम्ही म्हणाल हे काय पोरखेळ. एक लहान मूल राक्षसांच्या भूमीत पडतं. लढाईत चार पर्याय असतात, त्यात मारणं एक आणि दया दाखवणं एक. कुणालाही न मारता अख्खा गेम पुरा करता येतो. राक्षसाशी बोलायचं, त्याची समजूत काढायची, त्याला हसवायचं. त्याच्या पाळीत तुमचं छोटं लाल हृदय बाणांच्या पावसातून बाणाच्या चाव्यांनी वाचवायचं, एवढीच कसरत. काय करताय ते हा गेम बघत असतो, याहून जास्त सांगणार नाही.

'क्रोनो ट्रिगर' (१९९५). जपानी घराण्याची ओळख करून घ्यायची तर हा. ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी, फायनल फँटसीचे हिरोनोबु साकागुची आणि 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा, तिघे एकाच गेमवर बसले होते. टीव्हीवर ड्रॅगन बॉल बघून मोठे झालेल्यांना चेहरे पाहताक्षणी ओळखू येतील. आज तो स्टीमवरही आहे आणि मोबाइलवरही.

याचं एक उदाहरण जवळून बघा, म्हणजे आरपीजीची खरी गंमत कळेल. गेम सुरू होतो तो एका यात्रेत. पाळणे, पैजा, दुकानं, एकदम मुक्ताईच्या यात्रेसारखी गर्दी. तुम्ही भटकताय. एका ठिकाणी कुणाचा तरी जेवणाचा डबा टेबलावर ठेवलेला आहे. बटण दाबलं की पात्र तो खाऊन टाकतं. तुम्ही हसता आणि पुढे जाता. बऱ्याच वेळाने तुमच्यावर खटला उभा राहतो, आणि कोर्टात तो डबेवाला म्हातारा साक्षीला येतो. यात्रेत एका मुलीला धक्का लागला तेव्हा तुम्ही आधी तिची विचारपूस केली की तिचं पडलेलं लॉकेट उचललं, हेही निघतं. मी पहिल्यांदा खेळताना डबा खाल्ला होता. तीस वर्षांपूर्वीच्या गेमने मला भर कोर्टात खाली मान घालायला लावली. लढाईच्या सेटिंगमध्ये 'वेट' निवडा, म्हणजे तुम्ही विद्या किंवा औषध निवडत असताना शत्रू घाई करत नाही.

'स्टारड्यू व्हॅली' (२०१६). एरिक बॅरोन यांनी एकट्याने चारेक वर्षं खपून केलेला. शहरातल्या कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला जायचं, ही गोष्ट. पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेल्या निम्म्या खानदेशाचं गुपित स्वप्न. पहिल्या सकाळी दार उघडलं की समोर दगड, ओंडके, तण. हातात कुदळ, कुऱ्हाड, विळा, पाण्याची झारी आणि दगड फोडायची टिकाव. गावचा प्रमुख पार्स्निप या गाजरासारख्या कंदाची १५ बियाणी देऊन गेलेला. जमीन खणा, पेरा, रोज पाणी घाला, चौथ्या दिवशी पीक. पाऊस पडला की पाणी घालायची सुट्टी. ऋतू २८ दिवसांचा. ऋतू बदलला की उभं पीक वाळतं, म्हणून महिनाअखेरीला पेरणी करताना दिवस मोजायचे.

यात केळीही आहे, पण फार उशिरा मिळते. रोप लावल्यावर २८ दिवसांत झाड तयार, आणि मग उन्हाळ्यात रोज एक-एक केळं. घड नाही, एक केळं! रावेरच्या आमच्या एका पाहुण्यांना हे दाखवलं तर ते किती तरी वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "याला विमा कसा मिळायचा?"

राक्षसही आहेत, खाणीत. शेती, मासेमारी, खाणकाम, रानमेवा आणि लढाई अशा पाच विद्या वाढत जातात. कुणी कट्टर म्हणेल हा पक्का आरपीजी नव्हे. म्हणू द्या. घरात बायको किंवा बहीण पहिल्यांदाच गेम खेळणार असेल तर मी हाच उघडून देतो. मासेमारीचा भाग मात्र सुरुवातीला वात आणतो, तो पहिल्या आठवड्यात सोडून द्या.

'स्कायरिम' (२०११). भाच्याचा ड्रॅगनवाला. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, आणि 'मला मोकळं सोडा' असा स्वभाव असेल, तर पहिला मोठा गेम म्हणून हा. सुरुवातीलाच तुम्ही हात बांधून बैलगाडी नव्हे, घोडागाडीतून फाशी, म्हणजे शिरच्छेदाला निघालेले असता. १० वंशांतून एक निवडायचा, पण योद्धा की जादूगार हे आधी ठरवावं लागत नाही. जे वापराल ते वाढतं. धनुष्य चालवलं तर नेमबाजी, कुलपं उघडली तर कुलूपविद्या, अशा १८ विद्या. म्हणून चुकायची भीती कमी. नवख्याची ठरलेली चूक एकच: दिसेल ते उचलणं. बादल्या, झाडू, चीजची अख्खी चाकं. वजनाची मर्यादा ओलांडली की पात्र पळायचं थांबतं आणि आठवडी बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्यासारखं पाय ओढत चालतं. सोनं, औषधं, हलके दागिने घ्या, बाकी ठेवा.

'द विचर ३' (२०१५). पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. गोष्ट हवी, माणसं हवीत, तर याला तोड नाही. पहिल्याच भागात, व्हाइट ऑर्चर्ड गावात, एक म्हातारी बंद झोपडीपुढे उभी असते. तिची मागणी काय, तर कुणाला तरी उसना दिलेला तवा परत हवा. जगभर राक्षस मारत फिरणारा नायक गेराल्ट, म्हणजे भाच्याचा तो पांढऱ्या केसांचा, तव्यासाठी दार फोडतो, आणि आत भलतंच प्रकरण निघतं. म्हातारीला त्याचं काही नाही, तिला तवा हवा. अशी म्हातारी आमच्या गल्लीत आहे. हा गेम प्रौढांसाठी आहे, हिंसा आणि शृंगार दोन्ही उघड. शाळकरी पोराला नको. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) चं तेच. गेम असामान्य, पण दुसरा किंवा तिसरा म्हणून.

'एल्डन रिंग' (२०२२) सारखे, मरून मरून शिकायचे गेम पहिल्या फेरीत नकोत. कुणी कितीही आग्रह केला तरी.

मोबाइलवरचे फुकट

लॅपटॉप नसेल तर 'क्रोनो ट्रिगर' आणि 'स्टारड्यू' फोनवर मिळतात, एकदा पैसे दिले की झालं. 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) सारखे फुकट गेम दिसायला सुंदर असतात, पण त्यांत नवी पात्रं सोडतीसारखी निघतात, आणि सोडतीचं तिकीट खऱ्या पैशानेही घेता येतं. फोन वडिलांचा, त्यात यूपीआय जोडलेलं, आणि पोरगं चौदा वर्षांचं, ही गाठ वाईट. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

आजोबा-आजींना धास्ती असते की हे रमीसारखं तर नाही ना. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. एकदा विकत घेऊन एकट्याने खेळायच्या आरपीजीचा त्याच्याशी काही संबंध नाही. एवढं सांगितलं की घरात अर्धी शांतता होते. उरलेली अर्धी अभ्यासावर अवलंबून.

खरेदी

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. नवा मोठा गेम तीन-चार हजारांना पडतो, आणि पहिला म्हणून तो घ्यायची काहीच गरज नाही. स्टीमवर किमती रुपयांत असतात, यूपीआय चालतं. गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की मेल येतो. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठे सेल लागतात. 'विचर ३', 'स्कायरिम' यांसारखे जुने गेम तेव्हा मूळ किमतीच्या चौथाईला किंवा त्याहून खाली येतात. एपिक गेम्स स्टोअर दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतं, खातं उघडून ठेवायला हरकत नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'चा मोफत डेमो तर दहाएक तासांचा आहे. आवडला तर तिथूनच पुढे पूर्ण गेममध्ये जाता येतं. आकार मात्र मोठा.

सगळ्यात कामाचा नियम परताव्याचा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करून पैसे मिळतात. पण गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी ते घड्याळ चालूच राहतं. आणि नवखी माणसं पात्राचं नाक आणि दाढी ठरवण्यात पाऊण तास घालवतात. चेहरा कसाही घ्या. त्या दोन तासांत गेम तुमच्या लॅपटॉपवर अडखळतो का, अक्षरं वाचता येतात का आणि लढाई अंगवळणी पडेलसं वाटतं का, तेवढं बघा. एकावरही शंका असेल तर परत करा, लाजायचं काय त्यात.

पहिली संध्याकाळ

अवघडपणा सगळ्यात खालचा ठेवा. 'विचर ३' मध्ये त्या पर्यायाचं नावच 'जस्ट द स्टोरी' आहे. नंतर कधीही वाढवता येतो.

जवळ एक वही घ्या. जुन्या गेममध्ये कुणी काय काम सांगितलं याची नोंद ठेवणारा पडदा नसतो. "उत्तरेच्या जंगलातल्या माणसाला भेट", एवढं लिहिलं तरी चार दिवसांनी बसताना उपयोग होतो.

इंटरनेटवरचे मार्गदर्शक व्हिडिओ पहिल्या दिवशी उघडू नका. वीस मिनिटं एका जागी अडलात तर खुशाल शोधा, तेवढ्यापुरतं. आणि औषधं वापरा. नवखा माणूस चांगल्या बाटल्या लग्नातल्या शालूसारख्या कपाटात जपतो आणि शेवटचा शत्रू पडला तरी चाळीस बाटल्या तशाच.

लाईट आणि ऊन

हे कुठल्याच इंग्रजी लेखात सापडणार नाही. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर गेम किती वेळाने सेव्ह होतो ते आधी बघा. 'स्टारड्यू' संगणकावर फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह होतो. त्यातला दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा, म्हणजे लाईट गेली तर जास्तीत जास्त तेवढंच बुडेल. 'स्कायरिम'मध्ये एफ-५ दाबलं की जागच्या जागी सेव्ह. दर लढाईआधी दाबायची सवय लावा. शिवाय मेनूत जाऊन वेगवेगळ्या दोन-तीन जागी सेव्ह ठेवा. लाईट नेमकी सेव्ह होत असताना गेली तर ती फाइल खराब होऊ शकते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लॅपटॉप आधीच तापलेला असतो, गेम सुरू केला की पंखा विमानासारखा ओरडतो. गादीवर, गोधडीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. लाकडी पाट किंवा फरशी बरी. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, ३० वर बांधा. हळू चालणाऱ्या आरपीजीमध्ये फारसा फरक जाणवत नाही, पण उष्णता चांगलीच उतरते. कुलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवायचा मोह होतो, पण त्या हवेत पाणी असतं. आणि दुपार सोडून द्या. आम्ही मे महिन्यात रात्री दहानंतरच बसतो.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्ड निघालं नाही. 'अंडरटेल' घेऊन दिला, माझ्या घरच्या वायफायवर उतरवला, भाऊबीज आटोपून तो चोपड्याला गेला. चार दिवसांनी रात्री साडेअकराला फोन. आवाज बसलेला.

"मामा, ती बकरीसारखी आई आहे ना सुरुवातीची, ती माझ्या हातून चुकून मेली."

"मग?"

"मग मी सेव्हवरून परत सुरू केलं. या वेळी वाचवली तिला. पण पुढे ते फूल भेटलं ना... त्याला माहितीये, मामा. मी आधी काय केलं होतं ते त्याला माहितीये."

मी काही बोलायच्या आत म्हणाला, "थांबा, पुढचं सांगू नका," आणि फोन ठेवला.